कोलिब्रीची जीभ

पहिली जीभ मी सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाहिली. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या आमच्या बँकेच्या इमारतीत शिरलं की उजव्या हाताला एक लांबलचक भिंत लागते. एरवी तिच्यावर हसऱ्या गिऱ्हाइकांची चित्रं असतात. शनिवार-रविवारात ती उतरवून तिथे माझा फोटो लावला होता. कोलिब्री, म्हणजे आपण ज्याला हमिंगबर्ड म्हणतो तो पक्षी. अंगठ्याएवढा जीव, पण तीन मीटर रुंद करून टाकलेला. हिरवी पाठ, कानाशी जांभळा पट्टा, पंखांच्या जागी नुसता धूर आणि चोचीच्या टोकातून बाहेर आलेली पांढुरकी जीभ. कोपऱ्यात माझं नाव, पद्मजा आगाशे, आणि खाली 'आमची माणसं, आमचे छंद' या स्पर्धेचा पहिला नंबर. फोटोकडे पाठ करून तिसऱ्या मजल्यावरचा एक निळ्या सुटातला माणूस उभा होता. त्याने मोबाइल उंच धरला, डोळे मोठे केले आणि जीभ बाहेर काढली. लांब, जाड, मधोमध चीर पडलेली, कॉफीने तपकिरी झालेली. सेल्फी झाल्यावर ती आत घेऊन त्याने आवंढा गिळला आणि मला ओळखून अभिनंदनाचा हात पुढे केला. हात कोरडा होता, तरी वर गेल्यावर मी दोनदा साबण लावून हात धुतले.

दुपारपर्यंत साथच पसरली. ऑफिसच्या ग्रुपवर एकामागून एक सेल्फी येऊ लागले. रिसेप्शनवरची बाई, कॅन्टीनमधला सूप वाढणारा, एचआरमधल्या तिघी एका रांगेत, आमच्या टीमचा मॅनेजर. कुणाची जीभ टोकदार, कुणाची पसरट, कुणाच्या जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, एकीच्या जिभेत चांदीचा मणी टोचलेला. सगळ्यांच्या मते तो पक्षी जगाला वेडावून दाखवत होता. किती खट्याळ, असं प्रत्येकाने आपापल्या भाषेत लिहिलं होतं. माझ्यासमोर डब्यात मुगाची उसळ होती. दोन घास खाऊन मी झाकण लावून टाकलं. जिभेची मला किळस पहिल्यापासूनच. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकच बेसिन होतं आणि आई रोज सकाळी तिथे उभी राहून तांब्याच्या पट्टीने जीभ घासायची. आधी ती खरवड, मग घशातून येणारा ओकारीचा आवाज, मग चूळ, मग पुन्हा खरवड. स्वच्छतेसाठी चाललेला तो प्रकार मला घाणीपेक्षा घाण वाटायचा. मी उशीत डोकं खुपसून तो संपायची वाट बघायचे. पण आईची जीभ निदान घासून झाल्यावर आत जायची. या इमारतीतल्या सगळ्या जिभाही फोटो काढून झाल्यावर आत जात होत्या. भिंतीवरची जात नव्हती, आणि हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

ती कोलिब्री आजारी होती. जिभेला बुरशी धरली होती आणि ती सुजून चोचीत मावेनाशी झाली होती. या पक्ष्यांचं सगळं खाणं जिभेवर. जीभ गेली की समोर भरलेली बाटली असली तरी ते उपाशी मरतात. फोटोनंतर दोन दिवसांनी तीही तशीच मेली. बुरशी माझ्यामुळे आली. ज्यांची ती कोलिब्री होती त्या योपना हे ठाऊक नाही. आपल्याच हलगर्जीपणाने ती मेली, असं ते धरून चालले आहेत, आणि तीन महिने मी त्यांना तसं धरून चालू देते आहे. योप एकोणऐंशी वर्षांचे आहेत. डच लोकांच्या रिवाजाप्रमाणे तोंडावर मी त्यांना नुसतं 'योप' म्हणते, पण मनात मराठी चालू असतं आणि तिथे मला त्यांना अहो-जाहो केल्याशिवाय राहवत नाही. लबाडी करायची ती मात्र आदरार्थी बहुवचनात.

हे सगळं सुरू झालं एका पाखरापासून. सात वर्षांपूर्वी आम्ही आल्मेरेत घर घेतलं, कारण अ‍ॅमस्टरडॅममध्ये आमच्या ऐपतीत बाल्कनीसुद्धा येत नव्हती. मागच्या अंगणात आधीच्या मालकिणीने लावलेली लॅव्हेंडरची झुडपं होती. एका ऑगस्टमध्ये त्यांच्यावर काहीतरी भिरभिरत आलं, हवेत जागच्या जागी थांबलं आणि लांब सोंड फुलात घालून मध पिऊ लागलं. मी धावत कॅमेरा आणला, पन्नास फोटो काढले आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकले, 'आमच्या अंगणात हमिंगबर्ड!' साठ-सत्तर अंगठे आले. कुणी विचारलं, नशीबवान आहात, कोणत्या भागात राहता? कुणी लिहिलं, आपल्याकडचा शिंजीर तो हाच. संध्याकाळी शेजारच्या बाईंना मोठ्या तोऱ्यात फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या की हा पतंग आहे. कोलिब्रीसारखा उडतो म्हणून त्याला इथे कोलिब्री-पाखरू म्हणतात, आणि कोलिब्री तर अख्ख्या युरोपात रानात कुठेच नाही. तोंडात मारल्यासारखं झालं. ग्रुपवर मी दुरुस्ती टाकली नाही. आपण चुकलो हे मला कबूल करता येत नाही, ही खोड जुनीच. श्रीहर्ष, माझा नवरा, म्हणतो की हिला चूक दाखवायची म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची. त्या पतंगाचा सूड म्हणून मी खऱ्या कोलिब्रीच्या मागे लागले, आणि शेवटी त्याच शेजारीणबाईंनी मला योपचा पत्ता दिला.

आल्मेरेच्या कडेला, जिथे लोक स्वतःचे प्लॉट घेऊन हवी तशी घरं बांधतात, तिथे योपचं काचघर आहे. तीस वर्षं त्यांनी रीतसर परवाने काढून कोलिब्री पाळले. एके काळी सात होते. मी जाऊ लागले तेव्हा एकच मादी उरली होती, नऊ वर्षांची. योपनी तिला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की तो आपला होतो आणि मग त्याच्यावर रागावता येतं, असं काहीतरी ते म्हणाले होते. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची, ओल्या मातीचा आणि आंबट फळांचा वास यायचा, आणि मग कानाजवळून एक घुमारा जायचा. चार वर्षं दर शनिवारी मी तिथे जात होते. मी फुलांना रंग येईल असे दिवे लावायचे, मागे हिरवा पुठ्ठा उभा करायचे, कोरड्या फुलात पिचकारीने साखरपाणी घालायचे, आणि ती त्या एकाच फुलाशी यावी म्हणून तिची बाटली तासभर उचलून ठेवायचे. छायाचित्रणात सगळे असंच करतात, जंगलातसुद्धा. तिला तासभर भूक लागायची आणि मला फोटो मिळायचे. योप लांब स्टुलावर बसून बघत असायचे. तास झाला की बोलत काही नसत, नुसतं उठून बाटली परत लावत.

मार्चमध्ये त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल आणि नंतरचा व्यायाम धरून दोन आठवडे. मुलगी कॅनडात, पक्ष्याकडे बघायला कुणी नव्हतं. मीच म्हटलं, मी बघते. घरून काम करीन, सकाळ-संध्याकाळ सायकलवर पंधरा मिनिटं लागतात. योपना एवढा आनंद झाला की त्यांनी माझे दोन्ही हात धरले, जे डच माणूस सहसा करत नाही. त्यांनी एक कागद लिहून दिला. पांढरी साखर एक भाग, पाणी चार भाग, उकळून गार करायचं, डब्यातली पावडर एक चमचा, बाटली दिवसातून दोनदा गरम पाण्याने धुवायची. शेवटी मोठ्या अक्षरांत, दोन रेघा मारून: मध कधीही नको. कारण लिहिलं नव्हतं. तो कागद वाचून मी मनात हसले, हे मला स्वच्छ आठवतं.

का हसले तेही सांगते. वल्लरी इथेच झाली, पंधरा वर्षांपूर्वी. आमच्याकडे जन्मल्या-जन्मल्या बाळाला सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवतात. माझ्या आजोबांच्या जिभेवर, माझ्या जिभेवर, सगळ्यांच्या जिभेवर ते लागलेलं. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर आरोग्य विम्यातून एक बाई घरी येते, आई-बाळाचं बघायला. तिने माझ्या हातात मधाची बाटली पाहिली आणि अशी किंचाळली, जणू मी बाळाला रॉकेल पाजत होते. वर्षभर मध नाही, जंतू असतात, बाळ मरू शकतं. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी दार लोटलं, अंगठी मधात बुडवली आणि वल्लरीच्या जिभेवर ठेवली. तिने चुटूचुटू चोखली. काही झालं नाही. पंधरा वर्षं मी ही गोष्ट दर पार्टीत सांगते आणि सगळे हसतात. शिवाय आता आमच्या घरात साखरच नाही. साखर म्हणजे पांढरं विष, असं पुण्याच्या एका आहारतज्ज्ञ बाईंच्या ऑनलाइन वर्गात शिकल्यापासून मी ती डब्यासकट टाकून दिली. चहात गूळ, बाकी सगळीकडे महाबळेश्वरचा मध, जो भारताच्या दर फेरीत तीन पिशव्यांत बांधून, कपड्यांत गुंडाळून येतो. एवढासा जीव, सहा ग्रॅमचा, आणि याला म्हातारा तीस वर्षं पांढरं विष पाजतोय, असं मला खरोखर वाटलं. फुलात काय साखर असते का? मी योपच्या कपाटातल्या साखरेच्या पिशवीला हात लावला नाही. पहिल्याच दिवशी घरून मधाची बाटली नेली. आपण काहीतरी पवित्र करतोय असं वाटत होतं. आता ते आठवलं की तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं.

नववा दिवस गुरुवार होता. दिवसभर पाऊस पडून संध्याकाळी सहाच्या सुमारास आकाश पश्चिमेकडून उघडलं आणि ओल्या काचांतून तिरका, पिवळा उजेड आत आला. चार वर्षांत तसा उजेड मी त्या काचघरात पाहिला नव्हता. पानांच्या कडा पेटल्यासारख्या झाल्या. ती बाटलीजवळच्या डहाळीवर बसली होती, आणि तिची जीभ बाहेर होती. कोलिब्री कधीकधी पिऊन झाल्यावर जीभ क्षणभर बाहेर काढतात. तो क्षण पकडायला लोक हजारो मैल जातात. मी श्वास रोखून फोटो काढले. आत जाईल म्हणून घाई केली, पण ती आत गेली नाही. ती उडाली, बाटलीशी आली, हवेत थांबली, चोच भोकात घातली, मागे सरली. जीभ बाहेरच. पुन्हा आली, पुन्हा मागे सरली. प्रत्येक वेळी मला अधिक चांगली चौकट मिळत होती. मी पुठ्ठा हलवला, दिवा बदलला, गुडघ्यावर बसले. एकदा मनात आलं की हे काही बरोबर नाही. आलं, हे मी नाकारत नाही. पण ते येताक्षणीच मी त्याला बाजूला बसवलं, पोराला 'थांब जरा, काम चालू आहे' म्हणतो तसं. उजेड विझेपर्यंत चाळीस मिनिटं गेली आणि चारशे बारा फोटो झाले. घरी जाताना सायकलवर मी गाणं म्हणत होते.

दहाव्या दिवशी बाटलीतली पातळी हलली नव्हती. मी समजले, पोट भरलं असेल. अकराव्या दिवशी सकाळी ती बाटलीखाली जमिनीवर पडली होती. उचलली तेव्हा हाताला वजन असं लागलंच नाही, रिकाम्या काडेपेटीएवढंही नाही. जीभ अजून बाहेर होती, सुकून वाकडी झालेली, टोकाला दह्याच्या कणीसारखं काहीतरी पांढरं. मी तिला रुमालात गुंडाळलं आणि मग माझे मलाच कळायच्या आत कपाटाच्या दाराला हात पुसले. योपना फोन केला. त्यांनी विचारलं, काय झालं असेल? मी म्हटलं, दोन दिवस आत जरा गार वाटत होतं. एवढंच म्हटलं. ते खोटंसुद्धा नव्हतं. मार्चमध्ये हॉलंडात कुठे ना कुठे गार वाटतंच. पलीकडून श्वासाचा आवाज आला आणि ते म्हणाले, थर्मोस्टॅट. गेल्या हिवाळ्यापासून बदलायचा राहून गेला होता. त्या क्षणी मला हायसं वाटलं. माणसाला स्वतःची शिसारी येते म्हणजे काय ते मला या हायसं वाटण्यावरून कळलं.

दोन दिवसांनी मी नेटवर शोधलं. मध कधीही नको, याचं कारण तिथे पहिल्याच ओळीत होतं: पाण्यात मिसळलेला मध उबेत आंबतो, बुरशी धरते, जीभ सुजते. खाली एक फोटो होता, माझ्याइतका चांगला नव्हता. हे सगळं वाचून झाल्यावर, सगळं कळल्यावर, मी चारशे बारांतला दोनशे सत्त्याण्णवावा फोटो निवडला आणि बँकेच्या स्पर्धेला पाठवला. कुणी विचारलं तर काय सांगणार? की तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता, आणि तो कुणी पाहिलाच नाही तर ती फुकट मेली असं होईल, असं काहीतरी सुंदर मी स्वतःला सांगून पाहिलं. खरं म्हणजे मला पहिला नंबर हवा होता.

सोमवारी मी चारलाच निघाले. झुइड स्टेशनहून आल्मेरेची गाडी निम्मी रिकामी होती. समोरच्या बाकावर एक बाई मुलाला आइस्क्रीम भरवत होती. मुलाची जीभ कोनाच्या कडेकडेने फिरत होती आणि पांढरा ओघळ मनगटापर्यंत आला होता. मी जागा बदलली. तेवढ्यात संजीवचा फोन आला. संजीव मंडळाचा सेक्रेटरी. म्हणाला, "अगं, लिंक्डइनवर बघितला, काय कमाल फोटो आहे. गणपतीच्या सोव्हेनिअरला कव्हरला तोच टाकू. हाय-रेझ्युलेशन पाठवशील का आज?" मी विचार करून सांगते म्हटलं, तर तो म्हणाला यात विचार कसला, आपल्या माणसाचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी. समुद्र हटवून केलेल्या पोल्डरच्या सपाट शेतांतून गाडी चालली होती आणि मला दिसत होतं की ही जीभ आता गणपतीच्या पायाशी जाणार, तिच्यावर अक्षता पडणार, आणि घराघरांत टीपॉयवर पडून राहणार. मी नाही म्हणू शकत होते. मी म्हटलं, बघते.

घरी श्रीहर्षने केक आणून ठेवला होता, वर आयसिंगने हिरवा पक्षी काढून घेतला होता. त्याला माझं खरंच कौतुक आहे. तेच नकोसं होतं. वल्लरी टेबलाशी बसून मोबाइलवर फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. बघता-बघता म्हणाली, "आई, इट लुक्स सिक." श्रीहर्ष सुरी शोधत होता, त्याने ऐकलं नाही. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. ती खांदे उडवून वर निघून गेली. तिच्या जिभेवर मी अंगठी ठेवली होती तो दिवस मला आठवला. काही झालं नव्हतं, हे खरं. पण तेव्हा मी माझ्या लेकीचा जीव पणाला लावला होता आणि पंधरा वर्षं त्याचा विनोद करून सांगत होते.

केक तसाच असताना योपचा मेसेज आला. शेजाऱ्याने तुझा फोटो दाखवला. जमलं तर आजच ये. एवढंच. श्रीहर्ष म्हणाला, बघ, म्हातारबुवांनासुद्धा अभिमान वाटतोय. जूनचे दिवस, आठ वाजले तरी चक्क ऊन होतं. मी सायकल काढली. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं, पण पाय पॅडल मारत राहिले. योपना कळलं असेल तर प्रश्नच मिटला, असं मी स्वतःला म्हणत होते. त्यांनी ओरडावं, हाकलून द्यावं. कुणीतरी माझी घाण माझ्यासमोर ठेवली की ती उचलायची तरी सोय होईल.

काचघर मोकळं केलेलं होतं. झाडं बाहेर कुंड्यांत रांगेने ठेवली होती, दुसऱ्या दिवशी कुणीतरी न्यायला येणार होतं. आत दोन खुर्च्या आणि एक टेबल. योप काठीच्या आधाराने उठले, मला बसवलं, कॉफी ओतली. टेबलावर टॅबलेट होता आणि त्यावर ती. फक्त जीभ दिसेल इतकी मोठी केलेली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, की इतके दिवस थर्मोस्टॅटला शिव्या दिल्या, ते चुकीचं होतं. थंडीने असं होत नाही. ही बुरशी आहे. तिच्या पोटात काहीतरी खराब गेलं, आणि ते आपल्याच घरातून गेलं असणार. ते हळूहळू कपाटाशी गेले आणि साखरेची पिशवी घेऊन आले. ओल धरली असेल, पाहायला हवं होतं, मी म्हातारा झालोय, असं म्हणत त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. पिशवीला अजून दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. ती त्यांना त्या वेळी दिसली. त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला, हे मी कधी विसरणार नाही.

"तू माझी साखर वापरलीच नाहीस," ते म्हणाले. "स्वतःची आणलीस. तुम्ही लोक दुसऱ्याच्या घरातलं काही घेत नाही." मग जरा थांबून, मला लागू नये अशा बेताने त्यांनी विचारलं, ती साखर तपकिरी होती का? दुकानात सेंद्रिय म्हणून मिळते ती? तिच्यात लोह असतं, ते या पक्ष्यांना सोसत नाही. पण ते कागदावर लिहायचं मीच विसरलो, त्यात तुझा काही दोष नाही.

हो म्हणायचं, बस्स. तपकिरी साखर, चूक त्यांच्या कागदाची. त्यांनी तो दरवाजा स्वतःच्या हाताने उघडून धरला होता आणि मला फक्त त्यातून बाहेर पडायचं होतं. हो हा शब्द माझ्या जिभेवर आलासुद्धा. मला माझी जीभ जाणवली, तोंडात पडलेली, कोमट, जड, कुणा दुसऱ्याची असावी तशी. आणि त्या क्षणी मला तिची इतकी घाण वाटली की ती हलवून काहीतरी वेगळं बोलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"मध," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. कागद वाचला होता."

योप ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी बाजूला सरकवली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि हातांकडे पाहत राहिले. बाहेर कुणाची तरी गवत कापायची मशीन चालू होती. ती थांबली. मग त्यांनी टॅबलेट जवळ ओढला.

"हा कितव्या दिवसाचा?"

"नवव्या."

"किती काढलेस?"

मी आकडा सांगितला. चाळीस मिनिटं, हेही सांगितलं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजल्यासारखं करत होते.

"थेंब होते," ते म्हणाले. "या बुरशीवरचेच. तू ज्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवायचीस, त्याच्याच दारात. नवव्या दिवशी दिले असते तर बहुतेक वाचली असती. मी पलंगावर पडून होतो, फोन उशाशी होता. जीभ बाहेर आहे, एवढे शब्द पुरले असते." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखे ते विचारत होते. "मधाचं मी समजू शकतो. पण तुला दिसत होतं. चाळीस मिनिटं तू तिच्याकडेच बघत होतीस. फोन का नाही केलास?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मला माहीत नव्हतं, तुम्हाला त्रास नको म्हणून, मला वाटलं ती खेळतेय. सगळी वाक्यं मला डचमध्ये येत होती, क्रियापदं शेवटी टाकून, व्यवस्थित.

"उजेड फार चांगला होता," मी म्हणाले.